एकाच खड्ड्यात पाच झाडं

दहिसरमध्ये गेल्या वीस वर्षांत जेवढ्या फिती कापल्या गेल्या, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या कॅमेऱ्यासमोर कापल्या गेल्यात. रक्तदान शिबिर, वह्यावाटप, गटाराच्या नव्या झाकणाचं लोकार्पण, विहारातल्या अभ्यासिकेचं उद्घाटन. कार्यक्रम काहीही असो, फोटो एकच. मधे पाहुणा, हातात कात्री आणि दोन्ही बाजूंनी घुसलेल्या बारा माना. रक्त देणारा बिचारा मागे आडवा पडलेला असतो, त्याची फार तर चप्पल येते. सुरुवातीला मी भांडायचो. अहो, ज्याने काम केलं त्याला घ्या ना पुढे, म्हणायचो. मग लोक दुसऱ्या फोटोवाल्याला बोलवायला लागले आणि माझी अक्कल ठिकाणावर आली.

त्यात ते ब्लरचं खूळ निघालं. समोरचा चेहरा लख्ख, मागचं सगळं धुरकट. माझ्याकडे भिंग चांगलं आहे. ते पूर्ण उघडं ठेवलं की मागची माणसं, भिंती, वाळत घातलेले कपडे, सगळं विरघळून जातं. "शिवदास, मागचं ब्लर कर रे," हे वाक्य मी झोपेतसुद्धा ओळखेन. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. चेकनाक्यापासून बोरिवलीपर्यंत माझ्यासारखा ब्लर कोणाला जमत नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो.

आमच्या सोसायटीच्या सात इमारती आणि मागे एक मोकळा तुकडा. २०२१ साली बायकांनी तिथला राडारोडा उपसायला घेतला. पुढे सुगंधाकाकी. वय बासष्ट, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर हिने पोळ्या लाटून घर चालवलं. बोलते मालवणीत. फक्त खरोखर रागावली की मालवणी सोडते आणि शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायला लागते, मग समोरच्याने समजून जावं. तिच्याबरोबर माझी बायको मीरा आणि आणखी नऊ-दहा जणी. काकी मे महिन्यात कणकवलीहून येताना पिशवीतून रोपं आणायची. फणस, रतांबा, जांभूळ. मीराने बुलढाण्याहून, माहेरच्या अंगणातून, कडुनिंब आणला. सोसायटीच्या सभेत ठराव झाला: लावलेली झाडं पाच पावसाळे टिकली तर तुकडा कायमचा बागेला, नाही टिकली तर पार्किंग.

बायकांची रोपं मे अखेरीलाच लागली होती. पण अध्यक्ष जयवंतभाऊंना पाच जूनला, पर्यावरण दिनी, पाहुण्याच्या हातून एक तरी लावून घ्यायचं होतं. कुठे लावायचं, म्हणून सगळे बघायला लागले, तर मी शहाणा पुढे झालो. "इथे खणा. दोन इमारतींच्या मधून साडेनऊचं ऊन बरोब्बर इथेच पडतं."

"शिवा, थंय खाली जुन्या टाकीचो कोबो आसा," काकी म्हणाली. "झाड जगाचा नाय."

"काकी, फोटोपुरतं तर जगेल!"

सगळे हसले. मी तर सगळ्यात जास्त हसलो. झाड श्रावणापर्यंत वाळून काटकी झालं. पुढच्या पाच जूनला नवा पाहुणा, नवं रोप, आणि खड्डा तोच, कारण ऊन तिथेच पडायचं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मागे दहा-पंधरा पावलांवर बायकांची झाडं वाढत होती. उन्हाळ्यात या बायका तिसऱ्या मजल्यावरून भांडी घासलेलं पाणी बादलीने खाली आणून घालायच्या. मी रोज बघत होतो. फोटो काढावा असं कधी वाटलं नाही, कारण कोणी सांगितलं नव्हतं.

पाचवा पावसाळा सरला. सप्टेंबरच्या सभेत काकी ठरावाचा कागद घेऊन उभी राहिली.

जयवंतभाऊ शांतपणे म्हणाले, "झाडं नाहीत असं कोण म्हणतंय, वहिनी? पण ती पाच वर्षांची कशावरून? आठ फुटी झाडं नर्सरीत हवी तेवढी मिळतात. गेल्या वर्षी आणून लावली नसतील कशावरून?"

"पुरावो आसा," काकी म्हणाली. "आमचो शिवा दर वर्साक फोटो काढता." आणि तिने वळून माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी तिचा बोर्डात आलेला मुलगा.



भाऊंनी टेबलावर सोसायटीचे पाच वार्षिक अहवाल मांडले. पाचही अहवालांत माझे फोटो. "हे बघा. २०२१, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. दरवर्षी खड्डा तोच, रोप नवीन. एक झाड टिकत असतं तर त्याच खड्ड्यात पाचदा लावावं लागलं असतं का?"

सभेत हशा पिकला. गाडी ठेवायला जागा नाही म्हणून रोज भांडणारे सगळे पुढच्या खुर्च्यांवर होते. मी उठून ओरडलो, "बायकांची झाडं मागे आहेत भाऊ! त्या खड्ड्याचा आणि त्यांचा काय संबंध?"

"मग मागचे फोटो आण ना," भाऊ म्हणाले. "आठ दिवस दिले."

आठ दिवस मी दुकान सोडून हार्ड डिस्क उपसत बसलो. पाच वर्षांचे अकराशे फोटो. पाहुण्यांच्या मिशा, पाहुण्यांचे गॉगल, पाहुण्यांच्या हातातली कोरी करकरीत झारी. आणि त्यांच्या कानांमागे हिरवे डाग. एकात पिवळा डाग होता. ती बहुतेक मीराची साडी असावी, कारण तिच्याकडे तशी एक होती. माझ्याच बायकोला मी डाग करून ठेवलं होतं. रागाने माऊस भिंतीवर आपटावासा वाटत होता, पण राग कोणाचा करणार?

मीराला विचारलं, "तुम्ही कोणी मोबाइलवर नाही काढले?"

"काढले की. एकीचा फोन पाण्यात पडला, माझा बदलला. चालू वर्षाचे आहेत, हवे तर घे."

काकीकडे गेलो. ती म्हणाली, "घरचो फोटोवालो असताना आम्ही कित्याक काढू?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी मी त्यातल्या त्यात बरा फोटो मोठा करून कमिटीसमोर ठेवला. भाऊंनी चष्मा वर-खाली करून बघितला. "हे हिरवं काय आहे रे? शेवाळं?"

"फणस आहे तो."

"तुला दिसतोय?"

मला दिसत नव्हता. मला फक्त माहीत होतं. कमिटीने पार्किंगला मंजुरी दिली. झाडं रीतसर परवानगी काढून 'दुसरीकडे हलवू' असं इतिवृत्तात लिहिलं. हलवलेल्या झाडांचं काय होतं ते दहिसरात लहान पोरालाही ठाऊक आहे.

दिवाळीनंतर भाऊंचा फोन आला. रविवारी पार्किंगचं भूमिपूजन. "त्याच जागेवर घेऊ, ऊन चांगलं येतं ना तिथे? आणि मागचं ब्लर कर, झाडंबिडं नकोत."

मी वाट्टेल ते बोलून फोन ठेवणार होतो. पण म्हटलं, आधी काकीच्या कानावर घालावं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू जा. दुसरो कोण इलो तर तोय आमका पुसूनच टाकतलो." मग म्हणाली, "आम्ही येतंव."

रविवारी बायका आल्या. घोषणा नाही, फलक नाही. जी ती आपापल्या झाडाजवळ जाऊन उभी राहिली, एवढंच. पुढे त्याच खड्ड्याजवळ भाऊ नारळ घेऊन वाकले. मी भिंग उघडायची-मिटायची कडी फिरवली. वीस वर्षं ज्या बाजूला फिरवत आलो त्याच्या उलट बाजूला, जाईल तेवढी. अर्ध्या सेकंदाचं काम. पुढचं-मागचं सगळं सारखं स्पष्ट झालं. नारळ फुटला, मी बटण दाबलं.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत भाऊंचा फोन. "वाट लावलीस ना फोटोची! चेहरा कुठे बघायचा यात? ब्लर करून परत टाक." मी फोन कट केला. भाऊंनी फोटो काढून टाकायला लावला. पार्किंग व्हायचं ते होणारच होतं.

मी त्याची मोठी प्रिंट काढून काकीकडे नेली. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि प्रिंट मांडीवर घेतली. भाऊंच्या चेहऱ्यावरून तिचं बोट सरळ मागे गेलं. "ह्यो फणस. ह्या जांभूळ. रतांबो बघ, किती वाढलो! हयसर मीरा, तिचो लिंब." कडुनिंबाचं पान न् पान मोजता येत होतं. फणसाच्या बुंध्याला तिने वाऱ्यासाठी बांधलेली जुन्या लुगड्याची चिंधी होती, तिची गाठसुद्धा दिसत होती. तिने त्या गाठीवर बोट ठेवलं.

मला वाटलं, आता ती शाबास म्हणेल.

तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"शिवदास," ती म्हणाली, "हे तुला पहिल्यापासून येत होतं?"

मी हो म्हणालो.