धार हातात देऊ नये

मी संशयी नाही. नवरा रोज म्हणतो, शेजारीण म्हणते, पण मी संशयी नाही. मला फक्त कळायला हवं असतं. ज्या माणसाने आयुष्यभर बिस्किटाचा पुडा दाताने फोडला, कांदा चिरायला सांगितला की ज्याला नेमका फोन यायचा, तो माणूस दार लोटून चाकूचे व्हिडिओ बघायला लागला तर कुठल्या बायकोला कळायला नको?

आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ, वाघोलीला एका गोदामात सुपरवायझर आहेत. आलेली खोकी उघडायची आणि माल तपासून घ्यायचा, हे काम. मूळचे कारंज्याकडचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढलीत की भाषा पार धुऊन निघाली आहे. चिडले किंवा घाबरले तरच वऱ्हाडी बाहेर पडते.

तर त्या दिवशी चहा घेऊन आत गेले. मोबाइलवर एक दाढीवाला माणूस एका हाताने चाकू खटकन उघडत होता, पुन्हा मिटत होता. मला बघितलं आणि यांनी मोबाइल पालथा घातला.

"काय बघताय?"

"काही नाही. जाहिरात लागली."

"चाकूची?"

"चहा खाली ठेव," म्हणाले.

हे 'खाली ठेव' मला महिनाभर टोचत होतं. माझ्या सासूबाई, यमुनाबाई, होत्या तोवर घरात एक नियम होता. मीठ, मिरची आणि धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं. यांना त्याचं केवढं हसू! मुद्दाम आईच्या हातातून मिठाचं भांडं ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, भांड आता माझ्याशी." सासूबाई गेल्या, नियमही गेला. आणि आता एकाएकी यांनाच तो आठवला. बरं, सुरीचं समजू शकते मी. पण चहाचा कप? पाण्याचा तांब्या? टीव्हीचा रिमोट? हात पुढे केला की म्हणणार, "हातात नको, खाली ठेव."

मी काय समजायचं? मी समजले की माणूस माझ्यावर रुसला आहे. बोटाला बोट लागू द्यायचं नाही इतका.

रुसायला कारणही होतं. आमच्या धायरीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर रविराज म्हणून एक गृहस्थ राहतात. यांची स्कूटर हल्ली रोज वाकडी लागते, त्यामुळे त्यांची गाडी निघत नाही, अशी त्यांनी मीटिंगमध्ये तक्रार केली. खरंच वाकडी लागते हो! मी खरं बोलणारी बाई. सगळ्यांसमोर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. आमच्या ह्यांना स्कूटर सरळ लावायला काय धाड भरते, मलाही कळत नाही." जिना चढताना हे पुटपुटले, "बघतो एकेकाला."

तेव्हापासून एकेक गोष्ट मनात जमत गेली. इस्त्रीचे शर्ट कपाटात ठेवून हे टी-शर्ट घालायला लागले. या वयात! जेवायला माझ्याबरोबर बसेनात. "मला बातम्या बघायच्यात," म्हणून ताट घेऊन आत. एक दिवस डाव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधून आले. विचारलं तर म्हणे पत्रा लागला. गोदामात खोकी असतात पुठ्ठ्याची, पत्रा कुठून आला? आणि वर चाकू. पेपर उघडावा तर रोज कुणीतरी कुणावर कोयता उगारलेला. आमच्या ह्यांनी डास मारतानाही आधी त्याला उडायची संधी दिली आहे, हे मला माहीत आहे. पण गरीब गाईच्या लाथेचा काय नेम!

शनिवारी सकाळी सरळ म्हणाले, "जरा रविवार पेठेत जाऊन येतो. चाकू घ्यायचाय. घडीचा, चांगल्यातला. रोज खिशात ठेवायला."

इतकं सरळ बोलले की मी हातातलं काम तिथेच टाकलं.

"मीही येते."

"तू कायले?"

कायले! म्हणजे घाबरले होते. मी चप्पल घातली.

"स्कूटर काढा."

"नको, बसने जाऊ. तिथे लावायला जागा नसते."

हे कोण बोलतंय? गणपतीच्या दिवसांत मंडईत स्कूटर घुसवणारा माणूस. बसमध्ये शेजारी बसले आणि यांचा उजवा हात पँटच्या खिशात गेला तो उतरेपर्यंत बाहेर आला नाही.

दुकान बोहरी आळीच्या तोंडाशी. सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे, सगळं काचेच्या कपाटात. मालक यज्ञेश्वर म्हणून पाटी होती, तेच बसले असावेत. चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर 'आलात कशाला' असा भाव.

"घडीचा चाकू बघायचाय," हे म्हणाले. "पहिल्यांदाच घेतोय. पण चांगला हवा. एकदाच घ्यायचा."

"काय कापायचंय?"

"हो, काय कापायचंय?" मी पण विचारलं.

"खोकी," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

यज्ञेश्वरांनी दोन-तीन चाकू काढले आणि काचेवर ठेवले. यांनी हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा. आमच्याकडे धार हातात देत नाहीत. ठेवतो, उचला." हे ऐकून यांना एकदम बरं वाटलेलं दिसलं, आणि मला ते बरं वाटणं मुळीच आवडलं नाही.

मग सुरू झाल्या चौकशा. उघडल्यावर पातं पक्कं बसतं का? जोर दिला तर बोटावर मिटणार नाही ना? स्टील गंजतं का, धार घरी लावता येते का? यज्ञेश्वर तुटक तुटक उत्तरं देत होते. "हे जास्त कडक, धार टिकते, पण लावताना घाम काढतं. हे मऊ, रोज दगडावर घासा, चालेल. उघडलेलं पातं अडकवणारं कुलूप यात आहे, त्यात नाही. ज्यात नाही तो घेऊ नका, बोट जाईल." हे ऐकताना यांनी पट्टीच्या बोटाकडे बघितलं.

मग यांनी तो प्रश्न विचारला. "एका हाताने उघडतो का?"

एका हाताने! खोकी काय पळून जाणार आहेत? एका हाताने चाकू कुणाला उघडावा लागतो? ज्याने दुसऱ्या हाताने कुणाची तरी कॉलर धरली आहे त्याला.

"हा उघडतो." यज्ञेश्वरांनी एक काळ्या मुठीचा पुढे सरकवला. "पात्याला ही गोळी आहे ना, अंगठ्याने ढकलायची. दोन्ही बाजूंना आहे."

"दोन्ही बाजूंना? म्हणजे डावखुऱ्यालाही चालेल?"

"डावखुरा असाल तर चालेल."

"हे डावखुरे नाहीत," मी म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. यांनी तो चाकू डाव्या हाताने उचलला, अंगठा लावला, खट्. पातं बाहेर आलं. मिटला, पुन्हा खट्. तोंडावर असं समाधान की मला रविराजच्या बायकोचं पांढरं कपाळच दिसायला लागलं.

तेवढ्यात मला एक लाकडी मुठीचा चाकू दिसला. देखणा, पितळेच्या कडा, आणि पात्यावर नखाएवढी खाच. "हा कसा उघडायचा?"

"दोन हातांनी. एकाने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालून ओढायचं. जुनी पद्धत. कुलूप आहे यातही. माल उत्तम."

"मग हाच घ्या!" मी म्हणाले. "राग आला तरी उघडेपर्यंत उतरेल."

"मला तो काळा हवाय."

"का? हा का नको? सांगा ना यांच्यासमोर. एका हाताने उघडून कुणावर धावून जायचंय? त्या रविराजवर?"

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोलले. "रविराज? त्याचा काय संबंध?"

"मग उघडून दाखवा हा. आत्ता. उघडला तर मी एक शब्द बोलणार नाही, घ्या तुमचा काळा."

दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. यांनी मान खाली घातली. मग उजवा हात खिशातून काढला. मूठ डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताची बोटं पात्यावर नेली. अंगठा खाचेवर टेकला, घसरला. पुन्हा टेकला, पुन्हा घसरला. चिमूटच बसत नव्हती. ओल्या कपड्यासारखी बोटं पात्यावरून खाली येत होती. तिसऱ्यांदा जोर केला तेव्हा चाकू काचेवर पडला.

"पडू द्या," यज्ञेश्वर म्हणाले. "चिनी मातीची बशी नाही ती." आणि ते त्या दोन गिऱ्हाइकांकडे वळले.

"धरल्याच जात नाही, भाग्या," हे हळूच म्हणाले.

अगं बाई गं. चहाचा कप. तांब्या. रिमोट. शर्टाची बटणं. आत नेलेलं ताट. स्टँडवर ओढता न येणारी, रोज वाकडी राहणारी स्कूटर. आणि मी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, काय धाड भरते म्हणून.

"कधीपासून?"

"झाला महिना. वाढूनच राहिलं आहे. गोदामातला कटर डाव्या हातात उलटा बसतो, म्हणून एक स्वस्तातला चाकू घेतला, तर तो बोटावरच मिटला." पट्टीचं बोट दाखवलं. "कुणाला समजलं तर खोकी उघडणाऱ्याचं काय काम तिथे? घरी बसवतील."

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

"तू विचारत बसली असती. डॉक्टरकडे नेलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "भेव वाटते मले. तो काय सांगेल त्याचं."

इतका राग आला मला! त्यांचा आला, माझा आला, त्या कपांचा आला. महिनाभर माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस एकटा घाबरत होता आणि मी त्याचे टी-शर्ट मोजत होते. डोळे भरून आले ते मी पदराने पुसले नाहीत, पुसायला सुचलंच नाही.

"काळा द्या," मी यज्ञेश्वरांना म्हणाले.

त्यांनी पुसून, मिटून तो काचेवर ठेवला. मी उचलला आणि यांच्याकडे वळले.

"बाई, हातात नका देऊ," ते म्हणाले. "ठेवा तिथे. भांडण होतं."

"होऊ दे," मी म्हणाले. "घरी जाऊन करायचंच आहे. आणि सोमवारी गोदाम नाही, दवाखाना."

चाकू मी यांच्या डाव्या हातात ठेवला. उजवा पुन्हा खिशाकडे निघाला होता, तो मी मध्येच पकडला. यांची बोटं माझ्या बोटांवर मिटायला बघत होती, मला कळत होतं. मिटली नाहीत. मग मीच घट्ट धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.