बोलत चालायचं

आमच्या घरात राग माझ्या नाकावर, आणि आमच्या यांचं सगळं पोटावर. छगन हे त्यांचं नाव. कागदावर लिहिते, तोंडाने घेत नाही. धुळ्याकडून सुरतेत आलो तेव्हा अगदी काडीपैलवान होते. तिथल्या उधन्यात वीसेक वर्षं कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचे माग, चालवले, मग शेठने कापड तपासायला खुर्चीवर बसवलं आणि त्या खुर्चीने घात केला.

लूमवाल्यांची एक खोड असते. यंत्रांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. हे घरीही तसेच. पाणी हवं तर अंगठा तोंडाशी, भाजीत मीठ कमी तर दोन बोटं चोळायची. आमच्या धनश्रीचं लग्न ठरलं तेही यांच्या मान हलवण्यावर. मी बोलायची आणि भिंतीने ऐकायचं, असा संसार.

मागच्या हिवाळ्यात जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. उधन्यातल्या डॉक्टर हितेशभाईंनी रक्त तपासलं आणि मला म्हणाले, “बेन, इनके अंदर सोजो है.” सूज? मी आधी यांचे पाय पाहिले. डॉक्टर हसले. पोटाची चरबी गप्प पडून राहत नाही म्हणाले. ती रक्तात असं काही सोडत राहते की अंगात बारीक सूज कायम धुमसते. वरून दिसत नाही, पण हृदयाला वाईट आणि साखरेलाही. उपाय काय, तर रोज जोरात चालायचं आणि आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठ-बस करायची.

मग काय, रोज पहाटे गोडादऱ्यातल्या आमच्या घरून नहरीच्या कडेने निघालो. आमच्या रीतीप्रमाणे हे पुढे, मी दहा पावलं मागे. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, “चलते-चलते बात कर पाते हो? बात हो सके, पर गाना गाने जितना दम न बचे. उतना ही तेज चलना है.”

हे म्हणाले, “बात किससे करूं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून शेजारी शेजारी चालायला लागलो. आधी मलाच लाज वाटली. यांनी पहिल्या दिवशी पाच नंबरच्या लूमची कर्मकहाणी सांगितली, दुसऱ्या दिवशी सहा नंबरच्या. वाटलं, ही सूज परवडली. पण यंत्रं संपली आणि माणसं सुरू झाली. लहानपणी आईच्या हातची कळण्याची भाकरी चोरून खाल्ली होती, ते सांगितलं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेळीवर ओरडत होते म्हणे, तेही सांगितलं. आणि एकदा बाजीरावदादांचा विषय निघाला. ते यांचे थोरले भाऊ, चालू लूमपाशी छातीत कळ येऊन पडले ते उठलेच नाहीत.

“तो आवाज देत व्हता, धनश्रीनी माय. मशीनमा कोनलेच ऐकू उनं नही. मी पलीकडेच व्हतू.” मग म्हणाले, “माले बी भ्याव वाटस.”

इतकी वर्षं हे एकट्याने उरात घेऊन फिरला हा माणूस! त्यांचा हात धरावासा फार वाटला. समोरून दूधवाला येत होता, म्हणून नाही धरला. पण त्या दिवसापासून त्या पहाटेसाठी मी जीव टाकायला लागले.

तीन महिन्यांनी हे मेडिकलच्या काट्यावर उभे राहिले, तर वजन जेमतेम किलोभर उतरलेलं. हे खट्टू झाले. “पालथा घडावर पानी. बस आते,” म्हणाले. मी वरवर भांडले, आतून हादरले. यांच्या जिवाची काळजी होतीच, पण खरं सांगते, चालणं थांबलं तर यांचं बोलणंही थांबेल, ही धास्ती मोठी होती.

डॉक्टरांकडे मी त्यांना ओढतच नेलं. डॉक्टरांनी नव्या रिपोर्टमधल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, वजन जाऊ द्या, आतली सूज जवळपास निम्मी झाली आहे. वजन फारसं न उतरताही काहींच्यात असं होतं, चालण्याचं काम आत चालू होतं. माझा जीव भांड्यात पडला.

यांनी मात्र विचारलं, “अब कब तक चलना है?”

“हमेशा. छोड़ोगे तो सोजो वापस आएगा.”

यांचा चेहरा काही कळेना. मला वाटलं, कंटाळले असतील. दवाखान्याच्या पायरीवर हे थांबले.

“मी तं घाबरी गयतू,” म्हणाले. “माले वाटनं, डॉक्टर सांगी, बरं व्हयनं, आते बंद करा. मंग तुन्हासंगे बोलनं ऱ्हाई जाई.”

भर रस्त्यात मला रडू आलं. रिक्षावाला थांबून विचारायला लागला, गोडादरा का? त्याला मी खेकसूनच पुढे पाठवला. उधन्याहून गोडादरा काही जवळ नाही, पण आम्ही चालतच निघालो.