वळणावरचे तीन हॉर्न

बस, लाँच आणि भाड्याच्या सायकली एकाच तिकिटावर आणणारं ॲप आम्ही आठ महिने राबून तयार केलं, आणि चाचणीच्या पहिल्याच सकाळी ते म्हणालं, मावशी वेळेवर कामावर पोचणार नाही! बस धक्क्यावर साडेआठला येते, लाँच आठ पंचवीसला सुटते, पुढची तासाभराने. माझं डोकंच सणकलं. मावशी वीस वर्षं याच वाटेने जाते.

"वेळापत्रक बघतंय कोण?" मावशी म्हणाली. "बसवाला वळणावर तीन हॉर्न देतो. ते ऐकून तुझा मामा लाँच थांबवतो. मग आम्ही पायऱ्यांवरून धूम पळतो."

लाँच चालवणारा माझा सख्खा मामा, आणि हे मला आठ महिन्यांत कुणी सांगितलं नाही! मी तरी कुठे विचारलं होतं म्हणा.

त्याच दिवशी मी ते हॉर्न ॲपमध्ये घातले. बस वळणावर आली की मामाच्या फोनवर निरोप जाणार, आणि त्याने होकार दिला की प्रवाशांना कळणार, "लाँच थांबली आहे."

दुसऱ्या सकाळी मी बसमध्ये मावशीशेजारीच बसले. वळण आलं आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. मी आनंदाने किंचाळलेच!

धक्क्यावर मावशी पर्स सावरत, अगदी सावकाश पायऱ्या उतरू लागली. खालून मामा ओरडला, "अगं, पळ की!"

"का म्हणून?" मावशीने फोन उंच धरला. "तूच कळवलंस ना, थांबलोय म्हणून?"