मास्टरांचे झोपाळू मॉनिटर

माझ्या बायकोला तिच्या कारखान्यात सगळे मास्टर म्हणतात. शिवणकामाच्या धंद्यात जो कपड्याचा पॅटर्न काढतो, ज्याच्या रेघेवरून पुढे सगळं कापड कापलं जातं, तो मास्टर. बहुतेक ठिकाणी तो पुरुष असतो. यांच्याकडे ही आहे. बाही जिथे खांद्याला जोडतात त्या गोलाला मुंढा म्हणतात. हिने काढलेला मुंढा असा बसतो की हात वर केला तरी सदरा पोटावरून वर सरकत नाही. नवरा म्हणून कौतुक करत नाही, तिच्याच पॅटर्नचा सदरा अंगात घालून सांगतोय.

या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. पॅटर्नची खोली कारखान्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट फक्त कापडाच्या गठ्ठ्यांसाठी. शेवटी कारखान्याने घरी कॉम्प्युटर दिला आणि सोबत दोन मॉनिटर. डावीकडे पूर्ण कपडा दिसतो, उजवीकडे एकेक तुकडा. महिनाभर करून पाहा म्हणाले. मॅडमनी, म्हणजे तिच्या वरच्या अधिकारी बाईंनी, अट स्पष्ट सांगितली होती. "मास्टर, काम अडता कामा नये. आणि मशीन अडलं तर तुमचं तुम्हाला सोडवता आलं पाहिजे. तुमच्या घरी माणूस पाठवायला माझ्याकडे माणूस नाही."

नाही जमलं तर तळमजल्यावर बसून बटणं तपासायची. ते काम वाईट नाही, कोणीतरी करायलाच हवं. पण जिने आयुष्यभर रेघ मारली तिला दुसऱ्याच्या रेघेवरची बटणं मोजायला बसवायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. तिच्याही. फक्त ती बोलत नव्हती आणि मी दिवसभर बोलत होतो.

पहिला आठवडा सुरळीत गेला. मग मॉनिटरांनी रंग दाखवले. तिचं काम असं की थोडा वेळ कॉम्प्युटरवर, थोडा वेळ जेवणाच्या टेबलावर कागद पसरून. ती टेबलाशी गुंतली की इकडे कॉम्प्युटर झोपून जायचा. तो कारखान्याचा, किती वेळाने झोपायचं हेही तिकडूनच ठरवून दिलेलं, त्यात आपल्याला बोट घालायची सोय नाही. झोपायला हरकत नाही हो. पण परत येऊन कळ दाबली की कॉम्प्युटरचा पंखा घरघरायचा, दिवा लागायचा, आणि दोन्ही मॉनिटर काळेठिक्कर. एकदा 'सिग्नल नाही' असं दाखवायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. मग मोठं बटण दाबून सगळं बंद करून चालू करायचं. त्यात अर्धा काढलेला मुंढा गेला तो गेलाच. तिकडे मॅडमचा निरोप येऊन पडलेला असायचा, "मास्टर, आहात ना?"

आता आमच्या घरात दुरुस्ती हे खातं माझं. मी जन्मभर लेथवर काम केलं. नळ, मिक्सर, शेजारच्यांची सायकल, मेहुण्याचं कुलूप, सगळं माझ्याकडे येतं. कोणी विचारलं कोणी केलं, तर ही न चुकता म्हणते, "यांनी." कधीकधी तिने स्वतः स्क्रू पिळलेला असतो तरी म्हणते, "यांनी." घरची रीतच पडली आहे तशी.

तेव्हा मी बाह्या सरसावल्या. वायरी बदलल्या, मागची भोकं बदलली, एक मॉनिटर दुसऱ्याच्या जागी ठेवला, भिंतीवरचा प्लग दुसरीकडे लावला, आणि जाता जाता डाव्याच्या डोक्यावर एक हलकीशी चापट दिली. दोन्ही उजळले. मी चहा मागितला, आणि तो प्यायला मेहुण्याला बोलावलं. लेथ काय आणि मॉनिटर काय, लोखंडाला माणूस कळतो, असं काहीबाही बोललोही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंधार. पी हळद आणि हो गोरी असं यंत्राचं होत नाही.

"परत करतो," मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही एका दमात पाच गोष्टी बदलल्या. त्यातली कोणती लागू पडली?"

"पडली ना कोणतीतरी."

"पडलीच नाही म्हणून तर पुन्हा बंद आहे. कपडा अंगावर नीट बसत नसेल तर मी खांदा, बाही आणि कॉलर एकदम उसवते का? एक शिवण उसवायची. पाहायचं. फरक नाही पडला तर ती होती तशी शिवून टाकायची, आणि मग दुसरी. नाहीतर शेवटी हातात नुसत्या चिंध्या."

असं नवऱ्याला तोंडावर सांगायचं म्हणजे काय. मी पेपर उघडून बसलो. पण पेपराच्या वरून बघत होतो.

तिने आधी एका वायरीला लाल दोरा बांधला, दुसरीला निळा. कुठली कुठे होती ते विसरायला नको. मग कॉम्प्युटरला झोपू दिलं. कळ दाबली. अंधार. कळफलकावर मोठ्या अक्षरांसाठी एक बटण असतं, ते दाबलं की बारीक दिवा लागतो. तिने ते दाबून पाहिलं. दिवा लागला, विझला, लागला.

"हा जागा आहे," ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली. "हे दोघंच उठत नाहीत."

मी पेपर खाली ठेवला. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी कॉम्प्युटरला शिव्या घालत होतो, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग तिने वायरींची अदलाबदल केली. फरक नाही. पुन्हा होत्या तशा लावल्या. एकच मॉनिटर जोडून पाहिला. फरक नाही. दुसरा पुन्हा जोडला. प्रत्येक वेळी मागची शिवण परत घातल्याशिवाय पुढची उसवली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. इतक्या वेळात मी अख्खं घर उघडून परत जोडलं असतं, आणि दोन स्क्रू उरलेही असते.

मग तिच्या एक लक्षात आलं. ती नुसती थोडा वेळ उठून गेली की आधी मॉनिटर विझतात, कॉम्प्युटर अजून जागा असतो. तेवढ्यात परत येऊन कळ दाबली तर दोघं लगेच उजळतात. कॉम्प्युटरही झोपला, की मगच घोळ.

"म्हणजे वायर चांगली, मॉनिटर चांगले," ती म्हणाली. "याला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात हे दोघं विचारतात, कोणी आहे का? उत्तर आलं नाही की पुन्हा झोपतात, आणि इतके गाढ झोपतात की नंतर त्याने हाक मारली तरी यांना ऐकू जात नाही. तुम्ही प्लग काढून लावलात तेव्हा तेवढ्यापुरते जागे झाले."

"मग त्यांना सांग जरा धीर धरा म्हणून."

मी चेष्टेने म्हणालो होतो. ती मॉनिटरच्या कडेखाली बोटांनी चाचपायला लागली. तिथे बारीक बटणं होती. एवढे दिवस मी ते मॉनिटर उलटेपालटे केले, पण बटणं मला दिसली नव्हती. त्यातलं एक दाबलं तर मॉनिटरवर त्याची स्वतःचीच यादी उघडली. उजेड किती, रंग कसा, आणि खाली दोन गोष्टी. एक, सिग्नल कुठल्या वायरीतून येतोय ते आपोआप शोधणे. दुसरी, गाढ झोप. दोन्ही चालू.

"दोन्ही बंद करून टाक!" मी उठूनच उभा राहिलो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसलो.

आधी शोधणं बंद केलं, दोन्ही मॉनिटरवर. झोपवलं, उठवलं. अंधार. तिने ते शांतपणे पुन्हा चालू केलं. मग गाढ झोप बंद केली. झोपवलं. आम्ही दोघं पाहत बसलो. कळ दाबली. पंखा घरघरला, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग डावा उजळला, त्याच्या मागोमाग उजवा. अर्धा काढलेला मुंढा जसाच्या तसा.

तिने दोऱ्यांच्या गाठी सोडल्या, दोरे रिळाला गुंडाळले आणि खुर्ची पुढे ओढून कामाला लागली. माझी छाती मात्र फुगली होती. माझा हात न लागता दुरुस्त झालेल्या गोष्टीने ती फुगावी, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

महिना संपताना मॅडम स्वतः घरी आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, चपला दाराशी काढून थेट कामाच्या खोलीत. पॅटर्न पाहिले, मान हलवली. मग म्हणाल्या, "मास्टर, मधे काही दिवस उत्तरं फार उशिरा यायची. नंतर एकदम बंद झालं ते. काय झालं होतं?"

"मॉनिटर उठत नव्हते. दुरुस्त झालं."

"कोणी केलं?"

आणि ही, घरच्या रीतीप्रमाणे, पापणीही न हलवता म्हणाली, "यांनी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, काळजी होती. "काका घरी आहेत म्हणून बरं. पण काका बाहेरगावी गेले, आजारी पडले, तर? मी तुम्हाला अट घातली होती, मास्टर. तुमचं तुम्हाला..."

हिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो. पण तोंडातून गेलेला शब्द नवऱ्यासमोर परत कसा घ्यायचा? ती माझ्याकडे न बघता टेबलावरचा कागद सारखा करत बसली. नवऱ्याचा मान राहावा म्हणून ही बाई तळमजल्यावर बटणं तपासायला निघाली होती.

"मॅडम," मी म्हणालो, "मी फक्त बिघडवलं. दुरुस्त हिने केलं."

मॅडम हसल्या. "काका, बायकोची बाजू घेणारच तुम्ही."

याचा मला राग आला. खरं बोललं तरी पंचाईत.

"तसं असेल तर हिला स्वयंपाकघरात बसवा," मी म्हणालो. "आणि मी काय करतो ते तुम्ही बघा. बिघडवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही."

ही नको नको म्हणत गेली. मी मॅडमसमोर एका मॉनिटरची गाढ झोप चालू केली, दुसऱ्याची वायर मागून जेमतेम सैल केली, दोन्ही प्लगांची अदलाबदल केली. मग कॉम्प्युटर झोपवला. मॅडम हाताची घडी घालून उभ्या. मी तिला हाक मारली.

ती येऊन बसली. कळ दाबली. दोन्ही काळे. माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, मग डबीतून लाल दोरा घेतला, निळा घेतला, आणि पहिल्या शिवणीपासून सुरुवात केली. घाई नाही, धांदल नाही. आधी दिवा लावून पाहिला. सैल वायर सापडली, घट्ट केली. उजवा उजळला. डावा नाही. प्लगांना हात लावून पाहिला आणि सोडून दिले. "हे दोन्ही चालू आहेत, यांचं काही नाही," एवढंच म्हणाली. मग डाव्याच्या कडेखालचं बटण, यादी, गाढ झोप, बंद. झोपवलं, उठवलं. दोघं उजळले.

खोलीत मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. कोणाला काय वाटायचं ते वाटो.

मॅडमनी वाकून लाल दोऱ्याची गाठ बोटाने चाचपली. "पॅटर्नमधली चूक तुम्ही अशीच शोधता ना?" त्यांनी विचारलं.

"दुसरी कशी शोधणार?" ही म्हणाली.

"ठीक आहे, मास्टर. कॉम्प्युटर इथेच राहू दे. महिन्याची मुदत वगैरे काही नाही आता. तुम्हाला करावंसं वाटेल तोपर्यंत." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मघाशी तुम्ही यांनी केलं असं का म्हणालात?"

ही दोऱ्यांच्या गाठी सोडायला लागली. मी मदतीला गेलो नाही.

मी मॅडमना सोडायला दारापर्यंत गेलो. त्यांनी चपला घातल्या आणि अर्ध्या चेष्टेने विचारलं, "काका, मग घरात तुमचं काम नक्की काय?"

लेथ, नळ, मिक्सर, कुलूप, सगळं जिभेवर आलं होतं.

"मी मास्टरांचा नवरा," मी म्हणालो.