चार बोटं डावीकडे

शनिवारच्या खेळापासून फळीपाशी मनकर्णा उभी राहील, असं आप्पासाहेबांनी जाता जाता सांगितलं आणि ते हत्तीच्या चाऱ्याचं बघायला निघून गेले. सर्कशीचे मालक असल्यामुळे कुठलीही मोठी गोष्ट जाता जाताच सांगायची त्यांना सवय होती. दया कांदे चिरत होती, ती विळीवर तशीच बसून राहिली. शेजारी सुऱ्यांना तेल लावत बसलेला तिचा नवरा एलिया मात्र खूश झाला.

"बरं झालं," तो म्हणाला. "लई वर्सं हुबी ऱ्हायलीस. आता बस जरा."

तंबू भिंगारच्या मैदानावर ठोकला होता. लढाई संपून वर्ष होत आलं होतं आणि छावणीत परत आलेल्या पलटणींची गर्दी होती. सोल्जर लोकांना बघायला तरणा चेहरा हवा, असा आप्पासाहेबांचा विचार. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दयाचे केस पांढरे व्हायला लागले होते, कंबर रुंदावली होती आणि टिकल्यांच्या झग्यात ती कशीबशी मावत होती. मनकर्णा तारेवर चालायची. शेवग्याच्या शेंगेसारखी सडसडीत पोर, झगा तिला दोनदा गुंडाळता आला असता.

एलियाचा खेळ तसा साधा होता. दयाने लाकडी फळीला पाठ लावून उभं राहायचं आणि एलियाने लांबून तिच्या कानाशी, मानेशी, बरगडीशी एकेक सुरी रोवत जायची. तरुणपणी तो इथेच भिंगारला एका साहेबाच्या खानसाम्याच्या हाताखाली भाज्या चिरायचा. तिथे त्याला सुरी फेकण्याचा नाद लागला, खानसाम्याने हाकलून दिलं आणि पुढे सर्कशीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाने त्याला जवळ केलं. उस्तादाने विद्येबरोबर एक पथ्यही दिलं होतं. रिकाम्या फळीवर सुरी मारायची नाही. रिकाम्या फळीची सवय झाली की सुरीला माणसाची भीड राहत नाही, असं त्याचं म्हणणं. एलिया रविवारी प्रार्थनेला दांडी मारायचा, पण हे पथ्य त्याने कधी मोडलं नाही. तालीमसुद्धा तो दयाला उभी करूनच करायचा. आजवर आपल्या सुरीने बायकोला ओरखडासुद्धा काढला नाही, हे तो दारू न पिताही चारचौघांत सांगायचा. गरीब माणसाकडे मिरवायला एवढंच होतं.

आणि ते खरं नव्हतं. एलियाच्या उजव्या डोळ्यात पांढरट पडदा धरला होता, डावाही त्याच वाटेवर होता. धूळ गेली असेल म्हणून तो डोळे चोळायचा. त्याच्या सगळ्या सुऱ्या आता त्याच्या उजव्या अंगाला सरकून पडत. हात मोठा नेकीचा, चुकायचा तोही एकाच मापाने. पहिली सुरी फेकण्याआधी ती कपाळाला लावून, डोळे मिटून, येशूचं आणि उस्तादाचं नाव घ्यायची त्याची रीत होती. तेवढ्यात दया मधली जागा सोडून चार बोटं आपल्या डावीकडे सरकायची. एलियाला लांबून तिचा पांढरा झगा म्हणजे नुसता एक पांढुरका डाग दिसत असे, त्यामुळे डाग हललेला त्याला कळत नव्हता आणि तो सवयीने फळीच्या मधोमधच नेम धरायचा. सुऱ्या तिच्याभोवती नेमक्या बसायच्या. लोक टाळ्या वाजवायचे. एलिया वाकून नमस्कार करायचा आणि दया त्याच्या शेजारी उभी राहून हसायची.

आता तिथे मनकर्णा उभी राहणार होती. सांगितल्याप्रमाणे, बरोबर मधोमध.

दया आप्पासाहेबांकडे गेली, निदान भिंगारचा मुक्काम तरी मीच उभी राहते म्हणाली. कधी ना कधी जागा सोडावीच लागते दयाबाई, असं म्हणून ते हसले. दुपारपर्यंत सगळ्या तंबूत बोललं जाऊ लागलं की दयाला पोरीचा मत्सर वाटतोय. बायका भाकरी थापताना एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मनकर्णा बिचारी स्वतःहून आली आणि म्हणाली, मावशी, मी तुमची जागा मागितली नव्हती. ठाऊक आहे बाई, एवढंच दया बोलली. पोरीच्या उघड्या गळ्याकडे तिला बघवेना.

तिला सरकायला शिकवावं, असं दयाच्या मनात येऊन गेलं. पण ती चार बोटं मागे दोनच होती. उद्या पाच लागतील, आणि त्या दिवशी ती किती लागतात हे फळीपाशी उभ्या असलेल्या बाईला अंगाने कळावं लागतं. दयाला ते कळायचं, कारण तो हात तिच्या नवऱ्याचा होता. पोरीला कसं कळणार? आता एलियाला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नुसतं तोंडाने सांगितलेलं मात्र त्याने कधीच मानलं नसतं.

शनिवारी सकाळी एलिया तालमीला आला तेव्हा तंबूत दया एकटी होती. मनकर्णाला तिने बाहेर थांबवून ठेवलं होतं. फळीवर कोळशाने एका बाईची आकृती काढलेली होती.

"हे काय?" जवळ येऊन एलियाने विचारलं.

"मी हाय ती. टेकून हुबी ऱ्हायले आन रेघ वढली. मधोमध. मारा आता."

एलिया भडकला. उस्तादाच्या थडग्यावर थुंकायला सांगितल्यासारखं त्याला वाटलं, आणि तसं तो बोललाही. म्हातारपणी मत्सर शोभत नाही, हेही वर ऐकवलं. ते दयाला फार लागलं.

"मत्सर म्हना," ती म्हणाली. "पन मारा. आजवर तुमच्याकडं म्या कायबी मागितलं न्हाई."

हे एलियाला नाकारता येईना. तो लांब जाऊन उभा राहिला, सुरी कपाळाला लावून त्याने नावं घेतली आणि नेहमीच्या लयीत एकामागून एक सुऱ्या फेकल्या. आवाजही नेहमीचाच आला. झालं का समाधान, म्हणून त्याने दयाकडे पाहिलं. जवळ जाऊन बघा, ती म्हणाली.

तो गेला. डोळ्यांनी धड दिसेना म्हणून कोळशाच्या रेघेशी नाक नेऊन हाताने चाचपू लागला. एका बाजूच्या सुऱ्या रेघेपासून लांब गेल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या रेघेच्या आत होत्या. एक बरगडीत, एक खांद्यात आणि एक गळ्यात. गळ्यातल्या सुरीची मूठ त्याच्या हाताला लागली आणि त्याचा हात तिथेच राहिला.

"कंदीपासनं?"

"मागल्या नाताळाच्या आदीपासनं. मी सरकत हुते."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमचा हात थरथरला असता. मंग सरकूनबी भागलं नसतं."

एलिया रिंगणाच्या कडेला मातीत बसला. त्याला तिचा राग आला होता, तिने आपल्याला इतके दिवस खुळ्यासारखं मिरवू दिलं म्हणून. पण रागापेक्षा लाज मोठी होती. बऱ्याच वेळाने तो उठला आणि फळीतल्या सुऱ्या त्याने स्वतःच उपसल्या. मग बाहेर जाऊन त्याने सगळ्यांसमोर आप्पासाहेबांना सांगितलं की मला दिसत नाही, आजपासून माझा खेळ बंद. मनकर्णाला म्हणाला, तुझ्या मावशीला मत्सर नव्हता, तुझा गळा वाचवायचा होता. बाजारात लावलेल्या जाहिरातींचं आता काय करू, म्हणून आप्पासाहेबांनी आधी आरडाओरडा केला. पण माणूस वाईट नव्हता. दाराशी तिकिटं फाडायला डोळे कशाला लागतात, असं म्हणून त्यांनी एलियाला त्याच संध्याकाळपासून दारावर बसवलं. त्याच्या शेजारी स्टूल टाकून दयाही बसली.

पलटणीतली माणसं आत गेली आणि बाहेर सामसूम झाली. आत बँड सुरू झाला.

"पयल्यांदा किती सरकायचं, ते तुला तरी कुठं ठाऊक हुतं," एलिया म्हणाला.

त्याने तिच्या उजव्या कानावरचे केस मागे केले आणि बोटाने चाचपलं. कानाच्या पाळीमागे जखमेची एक बारीक खूण लागली.

"ही?"

"राहात्याच्या खेळातली. माझ्या म्हायेरचा शलमोनदादा पोरंबाळं घिऊन फुडंच बसला हुता. रगत दिसू न्हाई म्हनून केस कानावर वढून घेतले म्या."

त्याचं बोट खाली आलं. मानेवरची खूण लांब होती, हाताला चांगली लागण्याइतकी.

"आन ही?"

"ती ल्हानपनची," दया म्हणाली. "इळीवर पडले हुते."

लग्न झालं तेव्हा एलियाने ती मान नीट पाहिली होती, आणि तेव्हा त्याचे डोळे चांगले होते. आत मनकर्णा तारेवर चढली असावी, टाळ्या सुरू झाल्या. बरं, असं म्हणून एलिया बोट तिथेच ठेवून बसून राहिला.