झाकणाच्या आतली खूण

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहून थोरलीने आजवर किती गिऱ्हाइकांना गोड हसून सांगितलं असेल, "ओरखडे वॉरंटीत बसत नाहीत हो," याची गणती नाही. त्यामुळे आईच्या कानाचं मशीन बंद पडलं आणि वॉरंटीसाठी भांडायची पाळी तिच्यावरच आली, तेव्हा तिने कंबर कसली. समोरचा कुठे अंग काढून घेणार, हे तिला तोंडपाठ होतं.

मशीन तिनेच ऑनलाइन मागवलं होतं. कंपनीच्या दुकानातलं परवडणारं नव्हतं आणि एक बाई तेच मशीन, सीलबंद, बरंच स्वस्तात विकत होती. ते लावलं आणि आईचा चेहराच उजळला. न्हाणीघरातला नळ ठिबकतोय, हे घरात सगळ्यात आधी तिने सांगितलं. पण थोड्याच दिवसांत मशीन शिट्ट्या मारायला लागलं आणि मग एकदम गप्प झालं. त्याबरोबर आईही गप्प झाली.

कंपनी म्हणाली, आमच्या अधिकृत दुकानातून घेतलेलं नाही, आमचा संबंध नाही. विकणारी म्हणाली, वॉरंटी कंपनीची, माझी नाही. थोरलीने दोघांनाही धारेवर धरलं, आणि कोणी दाद देईना तेव्हा ज्या साइटवरून मशीन घेतलं होतं तिथे तक्रार ठोकून दिली. विकणारीने मुकाट्याने मशीन परत मागवलं आणि स्वतः सर्व्हिस सेंटरला नेऊन दिलं. तिथून निरोप आला, हे आधी कोणीतरी उघडलेलं आहे.

"बघा!" थोरली विजयी मुद्रेने साइटवाल्यांना फोनवर म्हणाली. "वापरलेलं मशीन नवं म्हणून गळ्यात मारलं!" घरात कोणी उघडलं असेल का, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही.

विकणारीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "ताई, देवाशपथ, मी सीलबंदच पाठवलं होतं. ही तक्रार राहिली तर माझं दुकान बंद करतील ते. घर त्यावरच चालतं माझं."

"हा विचार माल पाठवताना करायचा होता," असं म्हणून थोरलीने फोन ठेवला. मनातून तिला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला सांगा.

दुसऱ्या दिवशी साइटने पुरावा म्हणून फोटो पाठवला. मशीनच्या झाकणाच्या आतली बाजू, आणि तिथे सुईने ओढलेली बारीकशी खूण. एक अर्धगोल आणि त्याच्या पोटात ठिपका. ही खूण थोरली लहानपणापासून ओळखत होती.

तिचे बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत ही खूण करायची, असा त्यांचा शिरस्ता. तेच घड्याळ पुन्हा आलं तर ते आपल्या हाताखालून गेलंय हे कळावं आणि गिऱ्हाइकाकडून काही न घेता ते पुन्हा नीट करून द्यावं, एवढ्यासाठी. पुढे हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं, आणि कशालाही हात लावायचा नाही, असं थोरलीनेच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

फोटोखाली साइटचा निरोप होता. मान्य असेल तर तसं कळवा, नवं मशीन पाठवतो आणि विकणारीचं दुकान बंद करतो. एक बटण दाबायचं, बस्स. ती खूण ओळखणारं या घराबाहेर कोण होतं? तिचं बोट बटणापर्यंत गेलंही.

"मशीन कधी येतंय गं दुरुस्त होऊन?" बाबांनी विचारलं. थोरलीची फोनवरची भांडणं ते बाहेर फिरायला गेलेले असताना व्हायची, त्यांना पत्ताच नव्हता.

थोरलीने फोन त्यांच्यापुढे धरला. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला.

"वाकडी आली," ते म्हणाले.

"बाबा! उघडलंत कशाला?"

"शिट्टी मारत होतं. वाटलं, चुटकीसरशी होईल."

"आणि लपवायचंच होतं तर खूण कशाला केलीत?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "उघडलं की खूण करायचीच. तुला सांगायची लाज वाटली, ते वेगळं."

मग थोरलीने विकणारीचं सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

"दुकान बंद होणार? तिचं?"

"पण आईला नवं मशीन मिळतंय, बाबा."

"ज्याच्यावर माझी खूण, त्याचं पुढचं सगळं माझ्याकडे. लाव तिला फोन."

थोरलीने आईकडे पाहिलं. आई पलंगावर बसून मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत होती. तक्रार मागे घ्यायची म्हणजे तिला परत त्या शांततेत ढकलायचं. तरी थोरलीने ती मागे घेतली आणि कारणाच्या जागी लिहिलं, घरातल्याच माणसाने उघडलं होतं. मग फोन लावून बाबांच्या हातात दिला.

"बाळ, मशीन मी उघडलं होतं," बाबा म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

पलीकडून नुसतं "बरं, काका," आणि हुंदका.

"काय चाललंय तुमचं?" आईने मोठ्याने विचारलं.

थोरली तिच्या कानाशी वाकून ओरडली, "मशीन बाबांनी उघडलं होतं!"

"माहितीये की," आई म्हणाली. "टॉर्च मीच धरला होता."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

आईने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "मला कोणी विचारलं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

तिच्याच कानांसाठी, तिच्याच डोळ्यांदेखत, याच खोलीत एवढं रण माजलं होतं. थोरलीने खुर्ची ओढली, आईच्या कानाशी बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.