खिडकीतला पेला आणि मी

मी प्रभुभोजनाचा प्याला बोलतोय. रविवारची सकाळ आहे, वेदीवर पांढरं कापड अंथरलंय आणि मला नुसतं उधाण आलंय! का, ते सांगतो.

एका तांबटानं मला घडवलं, चांदीचा मुलामा चढवला. एका बड्या घराण्यानं मला चर्चला भेट दिलं. तेव्हापासून पहिला घोट त्या घराण्याचा, मग मानपान बघून मागच्या रांगा. "आपण सारे एक शरीर," पाळक म्हणायचे. सगळे "आमेन" म्हणायचे.

पुढे शवागारात प्रेतं धुणारा एक माणूस बायकोसह मंडळीत आला. बाप्तिस्मा झाला, टाळ्याही वाजल्या. त्याचा हात मात्र कुणी हातात घेतला नाही. त्या दोघांसाठी खिडकीत काचेचा वेगळा पेला आला. दोघं शेवटच्या बाकावर बसून मुकाट्यानं त्यातून प्यायची. मला चरफडण्यापलीकडे काय करता येणार? प्याल्याला पाय कुठे असतात?

मग नव्या पाळकबाई आल्या. खिडकीतला पेला कशासाठी, असं त्यांनी विचारलं. उत्तर त्यांनी ऐकून घेतलं. प्रभुभोजनाची वेळ झाली तशी त्यांनी मला उचललं आणि पुढच्या रांगा ओलांडून थेट शेवटच्या बाकाशी नेलं. माझ्यातला द्राक्षरस हिंदकळत होता!

त्या माणसानं आधी बायकोकडे पाहिलं. मग मला दोन्ही हातांनी धरलं. तो प्यायला, ती प्यायली. पाळकबाई माझा काठ पुसून पुढे निघाल्या, तसे बाक करकरू लागले. कुणी छत्री शोधू लागलं, कुणी सरळ बाहेर पडलं. मी रांगेमागून रांग तसाच, कुणाचा ओठ न लागता, पहिल्या बाकापाशी आलो.

तिथे निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्याच बड्या घराण्याच्या सूनबाई, आता आजी झालेल्या. त्यांचा मुलगा कानाशी लागला, "आई, घेऊ नकोस. प्याला आपला आहे, आपण घरी नेऊ." आता जन्मभर काचेच्या कपाटात!

आजी हळूहळू उठल्या. "तुझ्या बाबांना शेवटची आंघोळ ह्याच माणसानं घातली. तू तेव्हा दाराबाहेर उभा होतास," त्या म्हणाल्या. "आणि घातली नसती तरी प्याला आपला नाही. प्रभूचा आहे."

त्या प्यायल्या. सावकाश, मोठा घोट. मग मला घेऊन स्वतःच मागच्या रांगेकडे वळल्या. एकेक जण उठू लागला. मी हातोहात फिरलो आणि माझ्यात थेंब उरला नाही.

मुलगा त्या दिवशी निघून गेला. पुष्कळ महिन्यांनी परतला, मागे बसला. काही घरं मात्र अजून आलेली नाहीत.

आज तुरुंगातून सुटलेली एक बाई पहिल्यांदाच येतेय. सफाई कामगार येतात, परभाषेतले मजूर येतात. माझा मुलामा काठावर सगळीकडून झिजलाय, आतलं तांबं दिसतंय. मला त्याचं कौतुकच वाटतं.

तुम्हीही या. कुठून आलात, मी विचारणार नाही. पाळकबाई मला उचलतायत. येतो मी!